ऐकत नाही

महिनाभर मी सगळ्यांना हेच सांगत होते:
शाल्मली हल्ली ऐकत नाही.
शाळेतल्या तोमर मॅडमना,
उज्जैनहून फोन करणाऱ्या आत्यांना,
जिन्यात भेटेल त्याला.
तीन वर्षं चार महिने, आणि हट्ट बघा.
हाक मारली तर मान वळत नाही,
टीव्ही मोठा, अजून मोठा,
आणि मी, मास्तरांची लेक,
रोज नेमाने तिची कानउघाडणी करत होते.

मग जानेवारीअखेरची ती रात्र.
लष्करात धुकं इतकं
की समोरचं औषधाचं दुकान म्हणजे
नुसता हिरवा उजेड, पाटीही नाही.
आडवं केलं की किंचाळायची,
खांद्यावर उभी धरली की नुसते हुंदके.
भदौरिया काकींनी लसूण घालून तेल कढवून आणलं.
का कोण जाणे,
मी वाटी तशीच ओट्यावर ठेवली.
पहाटे चारला ती एकदम झोपली.
मला वाटलं, सुटलो.
उजाडल्यावर अभ्र्यावर ओला पिवळा डाग,
कडेला जरासा लाल.

कंपूतल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं,
तेल तो नहीं डाला?
मग दुसऱ्या कानात दिवा घालून
बराच वेळ गप्प राहिल्या.
औषधाच्या कागदामागे कान काढला, तीन रेघांत.
हा पडदा. त्याच्यामागे मटारएवढी खोली.
सर्दीचं पाणी तिथे साचून डिंक झालंय.
फुटलेला पडदा बहुधा भरून येईल,
डिंकाचं तीन महिने बघू.
कब से कम सुन रही है?

माझ्याकडे तारीख नव्हती.
तक्रारी होत्या.

नया बाजारात गजक कुटतात तिथे
ती माझा हात सोडून थांबायची,
त्यांच्या हातोड्यांबरोबर स्वतःच्या मांडीवर
धप्, धप्, धप्.
डिसेंबरातच ते थांबलं होतं.
मी म्हटलं होतं, मोठी झाली.

आता मी मागून हाक मारत नाही.
समोर जाते, उकिडवी बसते,
तिचं नाव तिच्या चेहऱ्यापाशी नेऊन ठेवते.
ती माझ्या ओठांकडे बघते,
मग डोळ्यांकडे.

काल काकींची वाटी परत करायची म्हणून घासत होते.
हातातून निसटली.
मोरीत घणघणत गोल फिरली,
आणि दारात पाठमोरी बसलेली शाल्मली
दचकून वळली.

मी फळीवरचं ताट काढलं
आणि तेही पाडलं.