सुधारणेस वाव

हिंगण्याच्या शेडमध्ये मे महिना
पत्र्यावरून सरळ मानेवर उतरतो.
कूलर घरघरतो, हवा भट्टीचीच.
रोशनी उईकेच्या फॉर्मवर
एकच रकाना उरलाय : सुधारणेस वाव.

पहिल्या आठवड्यात तिनं चार जॉब बिघडवले.
पाचव्याला माझा हात लेथकडे गेलाच,
तो मी पाठीमागे
दुसऱ्या हातानं धरून ठेवला.
"सर, काहून सांगून नाही राहिले?"
आवाज ऐक, म्हटलं. लोखंडच सांगते.

आज तिच्या मशीनवर नवा पोरगा, निमजे.
बिघडवतोय.
ती शेजारी उभी, घामेजलेली,
ओठ घट्ट,
हात पाठीमागे.

रकान्यात मी माझंच नाव लिहितो,
मग खोडतो.
एचआरला चालायचं नाही.