चष्म्यांचा जमाखर्च

डिसेंबर सरत आला. मालक म्हणाले, मोजून टाक एकदा.
जानेवारीत कोल्हापूरहून आले होते तीनशे,
भरले दोनशे एकसष्ट.
बाकीचे निपाणीभर हिंडत असतील,
कुणाच्या खिशात, कुणाच्या पाळण्याला टांगलेले.
एक तर मी स्वतः पाहिला
तंबाखूच्या वखारीत, हमालाच्या नाकावर,
धूळ जाऊ नये म्हणून.

धुवायचं काम माझं.
बादली, साबणाचा चुरा, जुन्या धोतराचा तुकडा.
काचांना तपकिरीचा वास,
कितीही घासा, जात नाही.
परग्रहावरची माणसं पडद्यातून अंगावर झेपावली
की आमचं अख्खं थेटर शिंकतं.

वर्ष कसं गेलं म्हणाल तर
जग अकरा वेळा बुडालं.
दस्तगीर म्हणतो बारा.
तो मशीनपाशी असतो, त्याचं खरं मानू.
एकदा समुद्रानं, एकदा मुंग्यांनी,
एकदा एका थंडगार यंत्रानं,
ज्याला माणसांचा नुसता कंटाळा आला होता.
शहर दर वेळी तेच, उंच, काचेचं.
आणि वाचवायला जो उडत यायचा
तो दुपारी कन्नड बोलायचा, रात्री हिंदी.
मराठीत एकदाही उडाला नाही.
ओठ तसे कशातच जुळत नव्हते,
तेव्हा आम्ही आपापलं भरून घेतलं.
मागच्या रांगेतून कुणी ओरडायचं,
"पाठीमागं बघ की लेका!"
आणि तो खरंच वळून बघायचा.

समांतर विश्वांचा तो सिनेमा
बाकी गावांत डोक्यावरून गेला म्हणे.
आमच्याकडे तीन आठवडे.
बिड्या वळणारी कलावती शिंत्रे मध्यंतरात म्हणाली,
"ह्यात कळंना असं काय हाय?
म्हायेर कागलात, सासर हितं.
मधल्या नाक्यावर फोन सोताच म्हनतोय, सुस्वागतम.
तिकडं माझं नाव एका अक्षरात,
हिकडं दुसऱ्या.
आन् दोन्हीकडं भाकरी मीच थापतोय."

मग काळयंत्राचा आला.
नायक मागं जातो, एक चूक दुरुस्त करतो,
परत येतो तर घरात भलतीच माणसं.
खेळ सुटल्यावर पायरीवर बाळगोंडा मालक म्हणाले,
"मला दिलं आसतं तर छप्पन सालात गेलो आसतो.
एक रेघ खोडायची, बास."
रुद्राप्पा मास्तर चप्पल शोधत होते.
"खोडा की. पण दुसरी काढायला लागंल,
ती कुणाच्या दारातनं न्यायची ते सांगा."
दोघंही हसले नाहीत.
चहा मात्र एकाच कपातला, बशीत अर्धा अर्धा.

दिवाळीनंतरचा मोठा होता.
सगळे वीर एकत्र, सगळ्यांची भांडणं मिटलेली.
दुसऱ्या दिवशी चौदा माणसं.
चौदा चष्मे धुवायला बादली भरायची लाज वाटली,
नळाखालीच धरले.

एक सांगायचं राहिलं.
मला ह्यातलं काही दिसत नाही.
चौथीत असताना विटी लागली, डावा डोळा गेला.
चष्मा घाला, काढा, पडदा माझ्यासाठी
पापडासारखा सपाट.
म्हणून मी पडद्याला पाठ करून दारापाशी उभा राहायचो
आणि माणसं बघायचो.

अंधारात काळ्या काचांच्या रांगा.
काहीतरी फुटायचं, ठिणग्या बाहेर यायच्या असाव्यात,
कारण हात वर जायचे.
हमालाचा. मास्तरांचा, घड्याळासकट.
कलावतीचा हात तर चिमटीत,
पान धरावं तसा,
हवेत काहीतरी हलकेच वळत असलेला.
तिथं काही नव्हतं.
मला तरी दिसलं नाही.

मालकांच्या वहीत लिहून दिलं:
अडतीस फुटले.
एकोणचाळिसावा घरी आहे, खुंटीला.
पुसतो अधूनमधून.