रात्री चौदा अंश

कुर्ल्याच्या भंगारातून आणलं हे काचेचं कपाट.
पूर्वी यात थंड पेयांच्या बाटल्या असायच्या.
दारावर अजून सोललेल्या संत्र्याचं अर्धं चित्र आहे
आणि संत्र्याच्या आडून दिसतात
बोर्निओच्या ढगांतल्या घटपर्णीची
चार पानं.

कन्नमवार नगर, दुसरा मजला.
खोलीत आम्ही तिघं, एक पंखा.
कपाटात ती एकटी, आणि तिला
दिवसा चोवीस, रात्री चौदा.
जावई म्हणे दहावा ग्रह.
ही अकरावी.

हेमलता म्हणाली, नळाचं पाणी का नको हिला?
म्हटलं, क्षार सोसत नाहीत.
"आणि मला सोसतात."
त्यावर मी काही बोललो नाही.
फिल्टरचं पाणी बाटलीत भरत राहिलो,
थेंब थेंब,
चोराला दुभत्याची राखण दिल्यासारखी
ती माझ्याकडे बघत होती.

मी लशींच्या शीतगृहात कामाला.
सव्वीस वर्षं दोन ते आठच्या मधे काटा धरून ठेवला.
तिथं काटा सरकला तर अहवाल लिहायचा,
तीन प्रतींत, कारणासकट.
इथं अहवाल पानच लिहितं:
टोकाला तंतू येतो, वाकतो,
तांदळाएवढा फुगतो,
आणि एका गरम रात्रीत काळा पडतो.
असे अकरा मोजले मी.
शेजारचे दळवी म्हणाले, महाबळेश्वरला नेऊन ठेवा की.
जणू माझं तिथं कोणी बसलंय.

बारावा तंतू काळा पडला नाही.
बोटाएवढा झाला, मग अंगठ्याएवढा,
झाकण अजून मिटलेलं,
काठावर तांबड्या रेघा, कुणी मोजून मारल्यासारख्या.

आणि मे महिन्याच्या बावीस तारखेला
पावणेएकला ट्रान्सफॉर्मर फुटला.
सोळा.
साडेसतरा.
मुलगा विजेरी धरून उभा, काट्यावर,
मला कधी दिसला नव्हता इतका गंभीर.
एकोणीस.

पहाटे तीनला सायकलवर बादली अडकवून
भांडुपला गेलो, जिथं मासळीचा बर्फ उतरतो.
नाखवीणबाई पाटीवर गोणपाट टाकत होत्या.
बर्फ हवा म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.
"कोण गेलं?"
कोणी नाही, म्हटलं. झाड आहे.
"झाड मेलं?"
मरू नये म्हणून.
त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं,
मग टोच्यानं एक लादी फोडली,
बादली भरली, वर दोन मुठी जास्त,
आणि पन्नास रुपये घेतले.
मयताला घेतले नसते.

बर्फाला बोंबलाचा वास होता.
कपाट दोन दिवस तसंच घमघमत होतं.
शनिवारी झाकण उघडलं.

आता पुढची गंमत अशी
की एवढा मोठा सापळा, निसरडा काठ, आत पाणी,
आणि बंद कपाटात माशीसुद्धा नाही.
शिकारी खरी, पण ताट वाढून द्यावं लागतं.
हेमलता आयुष्यभर साखरेच्या डब्याभोवती
खडूची रेघ ओढत आली.
काल मी चिमटा घेऊन ओट्यापाशी उभा होतो,
डोळ्याला काही धड दिसत नव्हतं.
तिनं पोळी उलटली, बोटभर पिठानं
फरशीकडे दाखवलं.

"ती नको," म्हणाली, "ती बारकी आहे.
मागची घे."