सरी आणि वरंबा

उजव्या टाचेवर डाग होता.
आधी शाईच्या थेंबाएवढा, मग नाण्याएवढा.
मी म्हटलं, शेतातला रबरी बूट लागत असेल.
न्हाणीत दगडाने घासला. दोन हिवाळे घासला.

कुरिबायाशी डॉक्टर अगदी पोरगेली.
टाचेला तेल लावून तिने दिव्याचं भिंग टेकवलं
आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

माझं शेतच होतं ते.
सरी, वरंबा, सरी, वरंबा,
वरंब्यांच्या माथ्यावर ओळीने घामाची भोकं,
बी टोकायला पाडल्यासारखी.

"काळं सरीत असतं," ती म्हणाली,
"तर तीळ म्हणून घरी पाठवलं असतं."
पुढचं तिच्याआधी मी वाचलं.
फुकायात पन्नास वर्षं पातीच्या कांद्याला
मातीची भर देतेय मी.
वाहून आलेलं सरीत बसतं.
हे माथ्यावर बसलं होतं.

"पण तिथे ऊन कधी पोचलंच नाही!" मी भांडले.
टोपी घालते, मनगटं झाकते, मानेला पंचा बांधते.
"हे उन्हाचं नाही. याचं कूळ वेगळं.
भार पडतो तिथे येत असावं. अजून शोधतायत."
नक्की माहीत नाही म्हणाली, ते मला आवडलं.

टाचेचा तुकडा गेला.
जांघेतली एक गाठ काढून पाहिली,
टाचेचा पाट जिच्याकडे आधी जातो ती.
स्वच्छ निघाली.

आता सेइजी रोज रात्री चष्मा कपाळावर चढवून
माझे तळवे तपासतो.
बेचाळीस वर्षांत माझा चेहरा
त्याने एवढा वेळ पाहिला नसेल.
डावा पाय झाला की मी म्हणते,
नखंही बघ.