दर मिनिटाला दोन सेंटीमीटर

वस्तरा हातात असताना देवाबद्दल बोलायचं नाही,
हा माझाच नियम.
खुर्चीतला माणूस मान मागे टाकून बसलेला,
गळ्याशी पातं, गालांवर फेस.
त्याला धड 'हो' म्हणता येत नाही, धड 'नाही'ही.
तसल्या होकाराचं मी काय करू?

मंडळीतले पावेलभाऊ म्हणतात, क्वेता,
तुझ्याकडे तर आठवड्याला साठ डोकी येतात!
जणू मी मेंढरं कातरते.
आम्ही सगळे मिळून अकरा,
त्यातल्या दोघांना आता जिना चढवत नाही.
आमच्या मोस्त गावात येशूचं नाव काढलं
तर लोक काळजीनं विचारतात, बरं नाही का तुला?

म्हणून मी गुडघ्यांबद्दल बोलते,
बिअरच्या भावाबद्दल, हॉकीत हरलेल्या पोरांबद्दल.
घरी आरशासमोर मात्र तयारी चालते.
तीन वाक्यं पाठ आहेत.
तिन्ही ओठांवर आली
की विमा विकणाऱ्या पोरासारखी वाटतात.

सोमवारी साडेनऊला म्हातारे कुबेश येतात.
बायको गेल्यापासून दाढी माझ्याकडेच.
"आरशात एकट्याला बघवत नाही,"
एकदाच म्हणाले होते, पुन्हा नाही.
फेब्रुवारीत दोन सोमवार खुर्ची रिकामी राहिली.
तिसऱ्या सोमवारी आले,
हातावर सुईचा जांभळा डाग घेऊन,
आणि ब्रश फिरवता फिरवता माझ्या तोंडून निसटलं,
"मी प्रार्थना करत होते तुमच्यासाठी."

तिन्हींतलं हे वाक्य नव्हतं.

फेसातून हसले. "कुणाकडे?"

मी वस्तरा बशीत ठेवला.
बोलायला तोंड उघडलं, तर तेच बोलू लागले.
"ते चर्च आहे ना, रुळांवरून सरकवलेलं?
ते ढकलणाऱ्यांत मी होतो. पंच्याहत्तर साल.
खाली कोळसा होता, म्हणून अख्खं जुनं गाव पाडलं,
ते तेवढं रुळांवर चढवलं.
दर मिनिटाला दोन सेंटीमीटर. जवळजवळ महिनाभर.
हलतंय की नाही, डोळ्यांना कळायचंच नाही.
खडूची रेघ मारून ठेवायचो,
सिगारेट संपली की बघायचो.
मी पक्षाचा माणूस, आत कधी पाऊल टाकलं नाही.
आत होतं तरी काय! मूर्तीसुद्धा काढून नेलेल्या.
पण का कोण जाणे,
त्याच्या सावलीत आम्ही सगळे हळू बोलायचो.
शिवीसुद्धा हळू द्यायचो."

फेस वाळायला लागला होता.

मग मीही सांगितलं, पाठ न केलेलं.
राडिम घर सोडून गेला त्या रात्री
मी एकच पातेलं तासभर घासत होते,
आणि नळाच्या आवाजाआड म्हणाले, कुणी आहे का?
उत्तर आलं नाही. उजेड पडला नाही.
फक्त, स्वयंपाकघरात मी एकटी उरले नाही.
त्याचं नाव मला मागाहून कळलं,
जसा नवा शेजारी आधी मदतीला येतो,
आणि नाव आपण दुसऱ्या दिवशी विचारतो.

कुबेश म्हणाले, "मला नाही पटत."
म्हटलं, "बरं."
पुन्हा फेस केला. गाल, हनुवटी, गळा.
कुणीच काही बोललं नाही.
नेहमीची नाणी मोजून ते गेले.
रात्री मी स्वतःला नाही नाही ती नावं ठेवली.
क्रूस राहिला, क्षमा राहिली,
पुनरुत्थान तर राहिलंच.
आणि आठवलं काय, तर पातेलं!

पुढचे तीन सोमवार ते हवेबद्दल बोलले.
चौथ्या सोमवारी
मी गळ्याशी पातं टेकवणार
एवढ्यात त्यांनी हात वर केला.
थांब जरा.
"त्या रात्री," ते छताकडे बघत म्हणाले,
"नळ बंद केला होतास, की तसाच चालू होता?"

मी वस्तरा बशीत ठेवला.