दोन मणी जास्त

मेदेयिनच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
फ्रीजर उघडला की पांढरा धूर सांडतो पायांवर.
उणे ऐंशी. डबा एकशे सत्तावीस.
उबाल्दीना पिएद्राइता, सुईण, गाव ला पालोमेरा,
वय एकोणसाठ. पुढे पेन्सिलीनं:
विसरू लागली तेव्हा पंचेचाळीस.
अक्षर माझंच आहे.

तिची मुलगी येते महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, रक्त द्यायला.
साडेचार तासांची बस,
मांडीवर केळीच्या पानातला तामाल, माझ्यासाठी.
दोरालबा. एकेचाळीस पूर्ण.
बाही वर सारत विचारते: नेमकं बिघडतं तरी काय?
गावात म्हणतात खुळेपणा, कुणी म्हणतं पाद्र्याचा शाप.

मी कागद ओढते.
पेशीभोवती तेलाची भिंत, दुपदरी.
तिच्यात प्रथिनं रुतलेली, निम्मी आत, निम्मी बाहेर,
टाका अर्धवट सोडून कुणी उठून गेल्यासारखी.
एक कात्री बाहेरचं छाटते.
उरलेला बुडखा दुसरीकडे जातो,
आणि ही दुसरी राहते थेट तेलात.
कापायला पाणी लागतं. तेलात कुठलं पाणी?
तरी कापते. पाण्याचे एक-दोन रेणू
जपून ठेवते पोटाशी.

तीन-तीन मणी तोडत येते,
चाळीस उरले की सोडते.
तुमच्या घराण्यात तिचं एकच अक्षर बदललंय.
पकड सैल. आधीच हात सुटतो.
दोन मणी जास्त राहतात, आणि ते चिकट,
एकमेकांना धरून बसतात वर्षानुवर्षं.

एवढंच?

एवढंच.

ती खिडकीबाहेर बघते. केबल कार वर जाते, रिकामी.
आई दोन बोटं सोडून नाळ कापायची, म्हणते.
अंधारातसुद्धा दोनच बोटं.
शेवटच्या बाळंतपणात तिनं कात्री उकळली, पुसली,
आणि उभीच राहिली.
पोर रडतंय, बाई बघतेय,
आई मला विचारते, हिचं काय करतात गं?
मी कापली. एकवीस वर्षांची होते.

मग ती कात्रीच बंद करा ना तुम्ही.

केलं होतं. गोळ्या होत्या. लोक आजारी पडले.
कारण तीच आणखी एक धागा कापते, गर्भात असल्यापासून:
सुटलेला तुकडा पेशीच्या गाभ्यात जाऊन सांगतो,
तू कातडी हो, तू आतडं, तू थांब, अजून नाही.
तुझा मणका मणक्यासारखा झाला तो तिच्यामुळे.

सुईणच की, दोरालबा म्हणते.

शीर पहिल्याच खेपेला सापडते. नळी भरते.
तिचं उत्तर दोन वर्षांपासून कपाटात आहे, लाखबंद.
तिनं मागितलेलं नाही. मी उघडलेलं नाही.

लेबल चिकटवताना ती सहज विचारते,
आज तारीख काय?

माझं पेन थांबतं. तिचंही हसू.

सहा, मी म्हणते.

हो, सहा. माहीत होतं मला.