द्राक्षांचा वास

या बेटांवर द्राक्षं पिकत नाहीत.
गवत, मेंढ्या, वारा, खोपटात वाळत टाकलेलं मांस, एवढंच.
तरी टोर्सहावनच्या इस्पितळात, रात्रपाळीला
मी इन्क्युबेटर उघडते तेव्हा
द्राक्षांचा वास येतो, गोडसर, जरा उतरलेला,
आणि काचेची तबकडी मोरपंखी झालेली असते.

बाइनिरच्या छातीतलं आहे हे. एकोणीस वर्षांचा,
माझ्याच गावचा.
मागच्या उन्हाळ्यापर्यंत सहाजणी होडीत तिसऱ्या वल्ह्यावर बसायचा.
आता चढावर तीन पावलांनी थांबतो
आणि म्हणतो, "मार्युन, समुद्र बघतोय जरा."

मला वाटायचं, ते त्याचा श्वास चोरतात.
खरं तर त्यांनाही पुरत नाही.
कफात त्यांनी घर बांधलं, थरावर थर लिंपला,
आणि वरच्यांनी सगळी हवा वरच्यावर खाऊन टाकली.
केसाच्या जाडीइतकं खाली उतरलं
की संपलं.
मरायला हवेत ना?
नायट्रेटवर भागवतात. कोंड्याचा मांडा.
आणि तो निळा-हिरवा, ज्याला मी इतकी वर्षं
नुसता रंग समजले,
तो त्यांचा हमाल:
तळातल्यांचे साचलेले इलेक्ट्रॉन पाठीवर घेतो,
हवेच्या कडेपर्यंत नेऊन टाकतो,
मोकळ्या पाठीनं पुन्हा खाली.
वाटेत बाइनिरच्या पेशी होरपळतात.
वैर नाही काही. अरुंद वाटेवर
ओझं वाहणाऱ्याचा धक्का लागतोच.

औषध दिलं. पुन्हा दिलं.
ते खाणाऱ्यांना, वाढणाऱ्यांना गाठतं.
तळातले इतके सावकाश जगतात
की औषधाला ते जिवंत आहेत याचा पत्ताच लागत नाही.

डॉक्टरांच्या कागदावर मी लिहिते: वाढ, भरपूर.
वासाचा रकाना नाही.

रविवारी धक्क्यावर गेले होते.
गावची होडी सरावाला निघालेली, तिसऱ्या वल्ह्यावर
त्याच्या मावशीचा पोरगा, सगळ्यांच्या अर्धा क्षण मागे.
बाइनिर दोरखंडांच्या वेटोळ्यावर बसून
मोठ्यानं आकडे मोजत होता, त्यांच्यासाठी:
अकरा, बारा, तेरा,
मग खोकला. बराच वेळ.
होडी थांबली नाही.
त्यानं तोंड पुसलं, पाण्याकडे पाहिलं,
आणि म्हणाला, "एकोणीस."
बरोबर होता.